मोठ्यानं बोल, माधुरी

'आउटसोर्स्ड' या अमेरिकन मालिकेबद्दल मला बऱ्याच दिवसांपासून लिहायचं होतं. आपल्याकडे ती फारशी कुणी पाहिलेली नाही, आणि अमेरिकेतही तिचं नाव आता क्वचितच निघतं. एनबीसी वाहिनीवर २३ सप्टेंबर २०१० ला सुरू झाली, मे २०११ मध्ये संपली. एकच हंगाम, २२ भाग. पण मालिकेतलं ऑफिस म्हणजे मुंबईतलं एक कॉल सेंटर होतं, आणि ती तिकडे चालू होती त्या काळात मी पुण्यात कॉल सेंटरला रात्रपाळी करत होते. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातून गेलेली मी, कानाला हेडसेट, पलीकडे मिसुरी नाहीतर ओहायोचं गिऱ्हाईक. त्यामुळे या मालिकेवर माझा जीवही आहे आणि रागही आहे. दोन्ही सांगते.

गोष्ट थोडक्यात अशी. कॅन्सस सिटीत 'मिड अमेरिका नॉव्हेल्टीज' नावाची कंपनी आहे. ती गमतीच्या वस्तू फोनवर विकते. प्लास्टिकची खोटी उलटी, बसलं की आवाज करणारी उशी, असलं सगळं. टॉड डेम्प्सी हा तरुण ट्रेनिंग संपवून ऑफिसात परततो, तर ऑर्डर घेणारा अख्खा विभाग रिकामा. काम भारतात गेलेलं. त्याला सांगितलं जातं, नोकरी टिकवायची असेल तर मुंबईला जा आणि तिथलं सेंटर सांभाळ. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर, म्हणून तो येतो. इथे त्याच्या वाट्याला येतात ती माणसं म्हणजे त्याच्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेला सहायक राजीव, अखंड बोलणारा गुप्ता, फोनवर अमेरिकन बायकांशी गोडगोड बोलणारा मनमीत, शहाणी आशा, आणि जिचा आवाज शेजारच्या खुर्चीपर्यंतही पोचत नाही ती माधुरी.

मी ती पाहिली मालिका बंद पडल्यावर, पुण्याच्या फ्लॅटवर. कुणाच्या तरी हार्ड डिस्कवरून रूममेटच्या लॅपटॉपवर आली होती. सकाळी कॅबनं सोडलं की आम्ही खिडकीला चादर लावून झोपायचो, पण त्या आठवड्यात झोपायच्या आधी एकेक भाग लावायचो. सगळ्याजणी फोनवालीच. एक लातूरकडची, एक गोंदियाची, एक नगरची. आमच्यावर कुणीतरी मालिका काढली याचाच आम्हाला केवढा आनंद झाला होता!

पहिल्याच भागानं तो अर्धा केला. मनमीत या नावावर टॉड हसतो, कारण इंग्रजी कानाला त्यातून भलताच अर्थ ऐकू येतो. आम्ही चौघी गप्प झालो. फोनवर आमच्यापैकी एकीलाही आपलं नाव वापरता येत नव्हतं. मी मेगन होते. गोंदियाची रूथ होती. स्वतःचं नाव दारावर काढून ठेवून आत जायचं हे आम्ही रोज करत होतो, आणि इथे एक जण आपल्या खऱ्या नावानं बसलाय तर त्याला हसतात. पुढचे काही भागही असेच. जेवण पोट बिघडवणारं, गाय ऑफिसच्या वाटेत, रीतिरिवाज चमत्कारिक. अमेरिकेतल्या समीक्षकांनीही याच गोष्टींवर बोट ठेवलं होतं आणि ते बरोबर होतं. चौथ्या भागाच्या नावातच विंदालू आहे. पोर्तुगीजांकडून गोव्यात आणि तिथून इंग्लंडच्या हॉटेलांत गेलेला तो पदार्थ मुंबईच्या ऑफिसात कोण रोज खातं? आमच्या डब्यात पोळी आणि आलूची भाजी असायची, आणि रात्री दोनला कँटीनमध्ये मॅगी.

पण मालिका मी सोडली नाही, कारण काही गोष्टी तिनं अगदी आमच्या फ्लोअरवरून उचलल्यासारख्या दाखवल्या. आयुष्यात कधी न पाहिलेली वस्तू विकणं, ही त्यातली पहिली. टॉडला त्या वस्तू या लोकांना समजावून सांगाव्या लागतात आणि ते चेहरे बघत राहतात. कुणाला ही वस्तू लागत असेल आणि कशाला, हे त्यांच्या डोळ्यांत दिसतं. आमची प्रोसेस, म्हणजे आमच्या वाट्याचं काम, कॅटलॉगमधल्या वस्तू विकायचं होतं. घर, बाग, कपडे. लीफ ब्लोअर नावाचं यंत्र मी कितीतरी लोकांना विकलं. झाडाखालची पानं हवेनं उडवून एका जागी गोळा करायला यंत्र लागतं हे मला आधी खरंच वाटलं नव्हतं, आमच्या अंगणात माय हातात खराटा घेते आणि पाच मिनिटांत पाचोळा एका कोपऱ्यात लागतो. पण ओहायोतल्या घराचं आवार केवढं असतं, मेपलची पानं ऑक्टोबरात किती पडतात, हे मी गिऱ्हाइकांकडूनच शिकले. कोण कशाला काय विकत घेतो त्यावरून त्याचं घर दिसायला लागतं. असे क्षण मालिकेत जिथे आले तिथे ती खरी झाली. शिवाय मागे ठोकून भरलेलं हसू नव्हतं, त्यामुळे विनोद संपल्यावर चेहऱ्याकडे बघायला वेळ मिळायचा.

आणि माधुरी. पहिल्या भागात ती इतकं हळू बोलते की फोनवरचं गिऱ्हाईक सोडा, समोर उभ्या टॉडलाही ऐकू येत नाही. बघणाऱ्यानं हसावं म्हणून ती तशी लिहिलीय. मला हसू आलं नाही. ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात मी तशीच होते.

आमच्या वाड्यात ओसरीवर कुणी पाहुणा बसला असेल तर बायका आतल्या घरातून हळू बोलत. आजी म्हणायची, "पोरीच्या जातीनं वसरीवर आवाज जाऊ देऊ नाही." मी बारावीला तालुक्याला जायला लागले तेव्हाही वर्गात हजेरी देताना सरांना दोनदा विचारावं लागायचं. अशा मुलीला ट्रेनर सांगत होती, पोटातून आवाज काढ. आवाजात हसू आण. भिंतीकडे तोंड करून उभी राहा आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल असं वाच. माझ्या इंग्रजीत चूक नव्हती. ग्रामरच्या परीक्षेत मी बॅचमध्ये पुढे होते. अडत होतं ते आवाजाच्या उंचीपाशी. 'एमटीआय', म्हणजे बोलण्यातली मातृभाषेची छाप, काढायला तास होते. आवाज का निघत नाही, हे विचारणारा तास नव्हता. एका संध्याकाळी ट्रेनिंग रूममध्ये मी एकटीच भिंतीसमोर उभी राहून तो ठरलेला अभिवादनाचा मजकूर मोठ्यानं म्हणत राहिले, घसा बसेपर्यंत. दुसऱ्या दिवशी पहिला खरा कॉल घेतला तेव्हा शेजारच्या मुलीनं वळून पाहिलं.

माधुरीचं काम करणारी अनिशा नागराजन मुळात गाणारी. २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ए. आर. रहमान यांचं संगीत असलेलं 'बॉम्बे ड्रीम्स' आलं, त्यात प्रियाची प्रमुख भूमिका तिची होती. ब्रॉडवेचं थिएटर भरून टाकणारा आवाज असलेली मुलगी इथे कुजबुजते. हे मला नंतर कळलं आणि तिच्याबद्दलचा आदर फार वाढला. हळू बोलणाऱ्या माणसाच्या आत केवढा आवाज असतो, हे तिला गळ्यानंच माहीत असणार. तिच्या कुजबुजण्यात भीती कमी आणि सवय जास्त दिसते. खांदे थोडे आत, हनुवटी खाली, वाक्याचा शेवटचा शब्द गिळलेला. ते मी आमच्या गावच्या कितीतरी पोरींमध्ये रोज बघते.

आता रागाचं सांगते. ही माणसं कुठून येतात, हे मालिका फारसं सांगतच नाही. शिफ्ट संपल्यावर माधुरी कुठे जाते? पगाराचे पैसे कुणाला पाठवते? घरी फोन लावते तेव्हा कुठल्या बोलीत बोलते? मुंबईच्या नाहीतर पुण्याच्या कुठल्याही फ्लोअरवर जा, अर्धी माणसं बाहेरगावची सापडतील. यवतमाळ, बीड, जळगाव, सोलापूर. घरी हप्ते, बहिणीचं लग्न, विहिरीचं कर्ज. राजीवला बढती हवी असते ती लग्न जमावं म्हणून, तेवढं एक खरं कारण मालिकेनं दिलं, आणि म्हणूनच राजीव सगळ्यांत जिवंत वाटतो. रिझवान मंजीनं तो केलाय. कॅनडात वाढलेला नट, पण वरिष्ठासमोर हसून मागे वळताच चेहरा बदलणारा सहायक त्यानं असा उभा केला की आमच्या टीएलची, म्हणजे टीम लीडरची, आठवण यावी.

माझे बाबा मला विचारायचे, "रातभर कोनाशी बोलून राह्यते वं तू?"

"अमेरिकेच्या लोकांशी."

"त्याईच्या घरी बोलाले कोनी नाई काय?"

बाबांनी ते अगदी मनापासून विचारलं होतं, आणि कधीकधी खरंच तसं असायचं.

ऑक्टोबर २०१० मधला एक कॉल सांगते. आमच्याकडे रात्रीचे दहा वाजले होते, तिच्याकडे सकाळचे साडेअकरा. मिसुरीतली एक म्हातारी बाई. नवऱ्यासाठी कामाचे हातमोजे आणि मोठा थर्मास हवा होता. ऑर्डर टाकताना सिस्टिम अडकली. अशा वेळी गप्प बसायचं नसतं, फोनवरची शांतता कॉल तपासणारे क्वालिटीवाले मोजतात. पण मी काही बोलायच्या आत तीच बोलायला लागली. म्हणाली, सोयाबीनची कापणी चालू आहे, कम्बाइनचा पट्टा तुटला, नवरा सकाळपासून यंत्राखाली आडवा आहे.

मी म्हणाले, आमच्याकडेही सोयाबीन सोंगणं चालू आहे.

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग तिनं विचारलं, पोरी, तू कुठे आहेस? मी सांगितलं, भारतात. तुमच्याकडे सोयाबीन होतं? होतं की. किती एकर? मी म्हणाले, साडेसहा एकर वावर, त्यात निम्मं सोयाबीन, मध्ये तुरीचं तास, बाकी कपाशी. तिचं बाराशे एकर. पण बाराशे एकरवाली बाई मला काय विचारत होती? पाऊस आला का मध्ये. सोंगून पडलेल्या गंजीवर पाऊस आला की शेंगेतच दाणे फुटतात, हे तिला माहीत होतं. भाव विचारला तर म्हणाली, साडेअकरा डॉलर बुशेल, आणि एकरी चाळीसच्या वर बुशेल निघतंय.

ब्रेकमध्ये मी पेपर नॅपकिनवर हिशेब मांडला. सोयाबीनचं बुशेल म्हणजे ६० पौंड, सुमारे २७ किलो. क्विंटलला पावणेचार बुशेलच्या आत-बाहेर. डॉलर तेव्हा ४४ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे तिला क्विंटलमागे साडेअठराशेच्या वर पडत होते. त्या वर्षी आपल्याकडे पिवळ्या सोयाबीनचा हमीभाव १,४४० रुपये होता आणि बाबांना यार्डात तिच्या जवळपासच भाव मिळाला. भावात फार फरक नव्हता. फरक होता तो पिकात. तिचं एकरी अकरा क्विंटल, आमचं सहा झालं तरी बाबा त्या दिवशी घरी जिलबी आणत. मिसुरी आणि यवतमाळच्या सोयाबीनचा भाव एकमेकांना बांधलेला आहे, हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही, त्या कॉलनं शिकवलं.

तो कॉल क्वालिटीवाल्यांकडून ऐकला गेला. वेळ जास्त, विषयांतर, असे शेरे पडले आणि त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह गेला. मला आजही तो कॉल माझ्या तिथल्या कामातला सगळ्यांत चांगला कॉल वाटतो.

नंतर वेळापत्रक बघितलं तेव्हा लक्षात आलं, त्याच आठवड्यांत 'आउटसोर्स्ड' नवी नवी चालू होती. गुरुवारी रात्री, न्यूयॉर्कच्या घड्याळानं साडेनऊला. मिसुरीत तेव्हा साडेआठ, आणि आमच्याकडे शुक्रवारची सकाळ, सात. म्हणजे ती बाई टीव्ही लावून बसली असेल तर आमच्यावरची मालिका तिच्या घरात लागत होती तेव्हा आम्ही लॉगआउट करून कॅबच्या रांगेत उभ्या होतो. तिनं ती पाहिली असेल का? पाहिली असेल तर साडेसहा एकरवाली मुलगी तिला त्यात कुठे दिसली नसती.

ही जागा रिकामी कशी राहिली, याचा मी पुष्कळ विचार केलाय, कारण करणारी माणसं साधी नव्हती. मालिका उभी केली रॉबर्ट बॉर्डन आणि केन क्वापिस यांनी. क्वापिस म्हणजे अमेरिकन 'द ऑफिस'चा २००५ मधला पहिला भाग ज्यानं दिग्दर्शित केला तो दिग्दर्शक. ऑफिसातल्या माणसांचं अवघडलेपण कसं टिपायचं, हे त्याच्याइतकं कमी लोकांना कळत असेल. 'आउटसोर्स्ड'ला जागाही 'द ऑफिस'च्या लगेच पुढची मिळाली. पहिला भाग सत्तर लाखांहून जास्त लोकांनी पाहिला. आधी १३ भागांची मागणी होती, ऑक्टोबरातच ती वाढवून पूर्ण हंगामाची केली. लेखकांच्या चमूत भारतीय वंशाचे लेखक होते. पडद्यावर पाच प्रमुख भूमिका आपल्या रंगाच्या नटांकडे होत्या, आणि अमेरिकेच्या मोठ्या वाहिनीवर, गुरुवारच्या मुख्य वेळेत, ही तेव्हा फार मोठी गोष्ट होती. याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पण काळ वाईट होता. मंदीनंतरची ती वर्षं. त्या शरद ऋतूत अमेरिकेत बेकारीचा दर साडेनऊ टक्क्यांच्या आसपास होता. ज्या घरात बापाची नोकरी गेलीय, त्या घरानं नोकऱ्या भारतात गेल्याच्या गोष्टीवर हसावं, अशी अपेक्षा होती. मला आमच्या गिऱ्हाइकांचा राग आठवतो. "मला अमेरिकेतल्या माणसाशी बोलायचंय" हे वाक्य आम्ही रोज ऐकायचो, आणि त्यामागे पुष्कळदा एखादा बंद पडलेला कारखाना असायचा. मालिका या रागाला हात लावायला घाबरली. टॉडच्या विभागातल्या ज्यांची नोकरी गेली त्यांचं पुढे काय झालं, हे मला बघायला फार आवडलं असतं. त्यांच्या खुर्च्यांवर आम्ही बसलो होतो.

बाकीची कारणं वाहिनीच्या घरातली. या मालिकेला जागा द्यायला 'पार्क्स अँड रिक्रिएशन'चा नवा हंगाम पुढच्या जानेवारीपर्यंत लांबवला होता, त्यामुळे तिचे चाहते आधीच नाराज. जानेवारी २०११ मध्ये ती मालिका परतली आणि 'आउटसोर्स्ड'ला रात्री साडेदहाला ढकललं. त्याच महिन्यात कॉमकास्टनं एनबीसी युनिव्हर्सलचा ताबा घेतला, मनोरंजन विभागाला रॉबर्ट ग्रीनब्लॅट हे नवे प्रमुख आले. नव्या साहेबाला जुन्याची पिकं मोडायची असतातच. मे महिन्यात निर्णय झाला.

आता मला ज्यासाठी हे सगळं लिहावंसं वाटलं ते. ही मालिका मुळात एका चित्रपटावरून केलेली आहे. नाव तेच, 'आउटसोर्स्ड', साल २००६. दिग्दर्शक जॉन जेफकोट, लेखन त्याचं आणि जॉर्ज विंगचं. छोटा चित्रपट, भारतात येऊन चित्रित केलेला. सिॲटलच्या चित्रपट महोत्सवात २००७ मध्ये प्रेक्षकांनी तो सर्वोत्कृष्ट म्हणून निवडला. त्यातला टॉड मुंबईत काम करत नाही. मुंबईहून पुढे एका छोट्या गावात जातो, गावाचं नाव घारापुरी ठेवलंय, आणि तिथे अर्धवट बांधलेल्या इमारतीत कॉल सेंटर आहे. म्हणजे गाव मुळात होतं! मालिका करताना ते गळालं. मुंबई झाली, आणि तीही अमेरिकेतल्या स्टुडिओत उभारलेली.

चित्रपटात राजीवच्या जागी जो माणूस आहे त्याला सगळे पुरो म्हणतात. गोल चेहऱ्याचा, मनमोकळा, पाहुण्याला कुठे ठेवू आणि कुठे नको असं झालेला. ते काम आसिफ बसरा यांनी केलंय. आसिफ बसरा जन्मले अमरावतीला. होय, आपल्या अमरावतीला, १९६७ मध्ये. 'काय पो छे'मध्ये आणि 'पाताल लोक'मध्ये तुम्ही त्यांना पाहिलं असेल, नाव कदाचित माहीत नसेल. नोव्हेंबर २०२० मध्ये ते गेले. त्यांचा पुरो बघताना मला कुठे काही खटकलं नाही. पाहुणा आला म्हणून घर मोकळं करून देणारा, त्याला जेवू घातल्याशिवाय कामाचं न बोलणारा, आणि आपली अडचण शेवटी, हळूच सांगणारा माणूस. आमच्याकडे असे काका घरोघरी आहेत. बसरांनी तो माणूस कुठून आणला, हे मला सांगायची गरज वाटत नाही.

चित्रपटातली आशा आयेशा धारकरनं केली. ब्रॉडवेच्या त्याच 'बॉम्बे ड्रीम्स'मध्ये आयेशा धारकरही होती, राणीच्या भूमिकेत. म्हणजे चित्रपटातली आशा आणि मालिकेतली माधुरी या दोघी २००४ मध्ये एकाच रंगमंचावर उभ्या होत्या. असं काही सापडलं की मला फार बरं वाटतं.

मालिकेतली एक चूक मात्र शेतकऱ्याच्या पोरीच्या डोळ्यातून सुटत नाही. दिवाळीचा भाग आहे, आणि त्याच्या पुढच्याच भागात पावसाळा. धो-धो पाऊस, सगळे ऑफिसात अडकलेले. दिवाळीनंतर! त्या वेळी आमच्याकडे पऱ्हाटीची बोंडं फुटलेली असतात, सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, होऊन वेचणी सुरू झालेली असते. तेव्हा असा पाऊस आला तर त्याला पावसाळा म्हणत नाहीत, अवकाळी म्हणतात, आणि वावरात उभा पांढरा कापूस काळा पडतो. लिहिणाऱ्यांपैकी कुणी एका माणसाला फोन करून विचारलं असतं तरी चाललं असतं. आम्ही तर रात्रभर फोनवरच होतो.

पुढे या नटांचं चांगलं झालं. रिझवान मंजी 'शिट्स क्रीक'मध्ये रे झाला. मनमीत करणारा साशा धवन इंग्लंडचा, तो २०२० मध्ये 'डॉक्टर हू'मध्ये मास्टर बनला, म्हणजे तिकडच्या सर्वांत मोठ्या खलनायकांपैकी एक. गुप्ता करणारा परवेश चीना 'क्रेझी एक्स-गर्लफ्रेंड'मध्ये दिसला. आशाची भूमिका रिबेका हेझलवूडची आणि टॉड म्हणजे बेन रॅपपोर्ट. रॅपपोर्टबद्दल मला एवढंच म्हणायचंय की त्याचा चेहरा भला आहे, पण त्याच्या अडचणींना जो वेळ मिळाला त्यातला निम्मा माधुरीला मिळायला हवा होता.

मी आता गावाकडेच आहे. तालुक्याला मुलींना इंग्रजी बोलायला शिकवते. नागपूर-पुण्याच्या मुलाखतीला जाणाऱ्या मुली असतात, बहुतेकींचा आवाज माधुरीसारखा. त्यांना मी पहिला भाग दाखवते, नावावरचा विनोद येतो तिथे थांबवते आणि त्याबद्दल बोलतो. मग माधुरीचा प्रसंग लावते. परवा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हिले कोनी घरी इचारलंच नसंन कधी." मी इतकी वर्षं या मालिकेबद्दल जे शोधत होते ते तिनं एका वाक्यात सांगितलं. हळू बोलणाऱ्या माणसाला मोठ्यानं बोल म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतात. त्याला काही विचारणारा भेटला की आवाज आपोआप येतो. मला तो मिसुरीतल्या बाईनं विचारलेल्या पावसामुळे आला. त्या कॉलनंतर ट्रेनरला मला कधी टोकावं लागलं नाही.

बघायची असेल तर आधी चित्रपट बघा. मग मालिकेचा पहिला भाग, आणि मग थेट राजीवच्या लग्नाचे दोन भाग. मधले सुरुवातीचे सोडले तरी चालतील. आणि मराठीत कुणी कॉल सेंटरवर मालिका लिहीत असेल तर मला जरूर कळवा. मला त्यात काम नको, पैसे नकोत. माधुरीला एकदा एसटीनं गावी जाऊ द्या, तेवढं बघा. फ्लोअरचे बारकावे मी सगळे सांगेन: म्यूटवर असताना आम्ही काय बोलतो, रात्री तीनला कुठल्या राज्यातून जास्त कॉल येतात, सणाच्या रात्री सुट्टी कुणाला मिळते, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडचं घड्याळ मागे गेलं की आमची शिफ्ट तासभर पुढे का सरकते.